आयचे पाय

“हलवू नको गो पाय, आय! नख राहील बाजूला, बोटच कापेन मी तुझं.”

आय हसली. तिला वाटलं, मी तिचे लाड करतेय. पवित्र आठवड्यातला गुरुवार होता, मी नुकतीच कामावरून आले होते, आणि ओटीवर पाट टाकून, तिचे पाय मांडीवर घेऊन घासत बसले होते. संध्याकाळच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेत, फादर ऑल्विन सगळ्या धर्मग्रामासमोर गुडघ्यांवर बसून ते पाय धुणार होते. येशूने शिष्यांचे धुतले म्हणून दरवर्षी आमच्याकडे बारा जणांचे पाय धुतात. आधी बाराही पुरुषच असायचे, त्यातले निम्मे कमिटीतले, घरूनच साबणाने धुऊन, वर पावडर मारून आलेले. त्या वर्षीपासून बायकाही चालतील अशी परवानगी मिळाली आणि फादरांनी पहिलं नाव माझ्या आयचं घेतलं.

“हे घोट्याला लाल कशाने झालंय?” मी विचारलं.

शेजारची आपोलीन दारात उभी होती. त्या दिवशी सकाळपासून आयजवळ तीच बसलेली. “डास,” ती म्हणाली. “खाजवत बसते. मी किती सांगितलं तिला.” आणि चपला घालून निघालीसुद्धा. एरवी आपोलीन निघते म्हणाली की दारातच तिच्या तासभर गप्पा व्हायच्या.

आमचं घर वसईकडचं. पुढे रस्ता, मागे मोगऱ्याची बाग आणि बागेच्या टोकाला बावखल. बावखल म्हणजे उघडं तळंच, पण विहिरीसारखं खोल. कठडा नाही, नुसत्या उतरायच्या दगडी पायऱ्या. आयचा जन्म त्या पायऱ्यांवर गेला. दोन्ही हातांत भांडी घ्यायची, पाणी भरायचं, मोगऱ्याला घालायचं. आता तिला माझं नाव आठवत नव्हतं, बाबा वारल्याचं आठवत नव्हतं, पण मोगरा तहानलाय हे मात्र बरोब्बर आठवायचं. आपली नजर चुकली की ही चालली बावखलाकडे. डॉक्टर त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात. नाव मोठं असलं म्हणून ताप काही कमी होत नाही.

मी लुर्दीन, तिची थोरली. लग्न केलं नाही, ती गोष्ट वेगळी. एका दवाखान्यात आया म्हणून कामाला होते. दिवसभर दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांची अंगं पुसायची आणि आपली म्हातारी घरी देवाच्या हवाली. धाकटा भाऊ बेंजामिन मीरा रोडला, बायको-मुलं, दोन खोल्या. तो वाईट नाही, हे आत्ताच सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही त्याला शिव्या घालाल. नाताळात आय पायरीवर घसरली, कपाळाला टाके पडले, तेव्हा त्याने एका वृद्धाश्रमात तिच्यासाठी खाट बघून ठेवली. मी रडले, भांडले, दोन दिवस जेवले नाही. शेवटी तो म्हणाला, “ईस्टरपर्यंत थांबतो, ताई. तोवर परत काही झालं तर मी तुझं ऐकणार नाही. नेणार तिला.”

अशा हालात उपवासकाळ, ईस्टरआधीचे चाळीस दिवस, सुरू झाला. फादर ऑल्विन म्हणजे कोवळं पोरगं, नुकतंच सेमिनरीतून धर्मगुरू होऊन आलेलं. पहिल्याच दिवशी, राखेच्या बुधवारी, प्रवचनात म्हणाले, “दरवर्षी तुम्ही मटण सोडता, दारू सोडता, आणि मग घरातल्यांच्या अंगावर धावून जाता. यंदा खाणं राहू द्या, वेळ सोडा. तुमच्या शेजारी आजारी माणूस आहे. त्याच्याजवळ जाऊन बसा.” आणि भर चर्चमध्ये माझ्या आयचं नाव घेतलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्या घरातलं दुखणं असं वेशीवर टांगायचं? पण दुसऱ्या दिवसापासून बायका यायला लागल्या. आज आपोलीन, उद्या माझी धर्ममाता रेजिना मावशी, परवा समोरच्या घरातली सून जेनेट. मी सकाळी ड्यूटीला जायची, चारच्या सुमाराला परत. बघते तर आय न्हालेली, जेवलेली, वेणी घातलेली, खाटेवर गप बसलेली. किती शांत झाली गो तुझी आय, बायका म्हणायच्या. प्रार्थनेचा गुण आहे, मी म्हणायची.

कित्येक महिन्यांत मी पहिल्यांदा गाढ झोपले. आणि खरं सांगते, मला ईस्टरची धडकी भरली. लोक उपवासकाळ कधी संपतो म्हणून वाट बघतात, मी देवाला हात जोडत होते की संपवू नको रे बाबा. ईस्टर झाला की आमच्याकडे लग्नं सुरू होतात, मग कुणाला वेळ? तरी तेवढा काळ सुखरूप गेला असता तर बेंजामिनला तोंड वर करून सांगता आलं असतं, बघ, जमतंय आपल्याला. आय माझ्याकडेच राहते.

म्हणून त्या गुरुवारी मी आयचे पाय घासघासून लख्ख केले. बेंजामिनही मुद्दाम लवकर आला होता. आयला त्याने स्वतः हाताला धरून चर्चमध्ये नेलं.

चर्च गच्च भरलं होतं. वेदीपुढे बारा खुर्च्या, त्यात आय चौथी. लाल लुगडं, पांढरी ओढणी, कपाळावर टाक्यांची खूण. मी आणि बेंजामिन पहिल्याच बाकावर होतो. फादर कमरेला टॉवेल गुंडाळून एकेकाचे पाय धूत पुढे सरकत होते. आयपुढे आले आणि गुडघ्यांवर बसले तेव्हा गायनमंडळाचं कडवं नुकतंच संपलं होतं. त्यांनी हात पुढे करून हळूच तिचा उजवा घोटा धरला.

आयने दुसरा पाय आपणहून पुढे केला. दोन्ही घोटे एकाला एक जुळवून ठेवले आणि लुगडं जरा वर घेतलं.

“बांध,” ती म्हणाली. “पण आज घट्ट नको हां, बाळा. मी नाही जात कुठे. इथेच बसते.”

फादरांच्या गळ्याशी माइक होता. शब्द न् शब्द पार मागच्या दारापर्यंत ऐकू गेला.

फादर तसेच थांबले. “काय म्हणालात, आजी?”

“घट्ट नको,” आय म्हणाली. “रोज दुखतं रे.”

पुढचं कडवं कुणी उचललंच नाही. फादरांनी पाणी ओतलं, त्यातलं अर्धं फरशीवर सांडलं. त्यांनी पाय पुसले, त्यावर ओठ टेकवले आणि बराच वेळ मान वर केली नाही. आणि सगळं चर्च माझ्याकडे बघत होतं. माझ्याकडे! मला काही कळेना. मी काय केलं? बेंजामिनने माझा दंड एवढ्या जोरात धरला की बोटं उमटली. पुढची मिस्सा कशी झाली, मला आठवत नाही.

बाहेर मांडवात आल्याबरोबर त्याने मला कोपऱ्यात घेतलं.

“तू आयला बांधतेस?”

“मी? अरे, मी बांधेन तिला? जीभ कशी वळते तुझी?”

“मग कोण? आय काय स्वप्नात बोलली?”

मी वळून पाहिलं. जरा अंतरावर आमच्या आळीतल्या बायका उभ्या होत्या, आणि आपोलीन तेवढी जमिनीकडे बघत होती. माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला.

“आपोलीन!” मी एवढ्याने ओरडले की रस्त्यावरचे लोक थांबले. “डास ना गो? हेच का ते डास?”

तिने पदर तोंडाला लावला आणि रडायलाच लागली.

“तिच्यावर नको ओरडू.” रेजिना मावशी काठी टेकत पुढे आली. “पहिल्यांदा मी बांधली.”

रेजिना मावशीने! जिने मला बाप्तिस्म्याला हातावर धरलं, तिने.

“पहिल्याच आठवड्यात,” मावशी म्हणाली. “मी पेज उतरवायला आत गेले. बाहेर येते तर खाट रिकामी. धावले. धावले कसली, हे गुडघे माझे! तर ही बावखलात, छातीएवढ्या पाण्यात, हातात तांब्या. मी कशी उतरले आणि कशी ओढून काढली ते त्या देवाला ठाऊक. दोघी पायरीवर बसून कापत होतो.”

“मग मला सांगायचं नाही?”

“तुला सांगितलं असतं तर तुझ्याच्याने लपलं असतं? याला कळलं असतं, आणि याने नेली असती. तू नुसती मेली असतीस, लुर्दी. म्हणून नाही सांगितलं. तुझ्या आयचं जुनं लुगडं फाडलं, मऊ होतं, त्याची पट्टी केली आणि दोन्ही पाय जुळवून खाटेला बांधले. मग या पोरींनाही दाखवलं, कशी बांधायची ते.”

“सगळ्यांना?”

“जेनेट म्हणाली, मला नाही जमणार. दुसऱ्या खेपेला तिनेही बांधली. ती तर गरोदर आहे, कुठे धावणार ती? तुझी आय तुझ्यापाशी राहावी म्हणून बांधली गो. दुसरं काय होतं आमच्या मनात?”

मला तिच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली आणि तिच्याच गळ्यात पडून रडावंसं वाटलं. दोन्हींतलं काहीच झालं नाही.

“झालं तर मग,” बेंजामिन म्हणाला. “सोमवारी गाडी सांगतो. तिथे निदान माणसं शिकलेली आहेत. खाटांना कठडे आहेत, रात्री पडायची भीती नाही.”

“कठडे? म्हणजे तिथेही कोंडणारच की रे!”

“ते कोंडणं नाही, ताई. ती सोय असते.”

“वा रे वा! रेजिना मावशीने लुगड्याची पट्टी बांधली तर ते पाप, आणि तिथे लोखंड लावलं की सोय?”

तेवढ्यात फादर बाहेर आले. कमरेचा ओला टॉवेल काढायचंही भान नव्हतं त्यांना. “चूक माझी आहे,” ते म्हणाले. “मी नुसतं बसा म्हटलं. बसायला काय लागतं ते विचारलंच नाही.”

“फादर, तुम्ही आत जा,” मी म्हटलं. फादरांशी असं बोलायची माझी पहिली आणि शेवटची वेळ. ते गेले.

मावशी मात्र हलली नाही. काठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाली, “लुर्दी, उद्या माझा दिवस आहे. येऊ की नको?”

उद्या गुड फ्रायडे. दवाखान्याला सुट्टी नसते आणि माझ्या रजा नाताळातल्या पडण्यातच संपल्या होत्या. ये म्हणावं तर पट्टी बांधायला ये म्हटल्यासारखं, आणि नको म्हणावं तर आय बावखलात.

“कुणी यायचं नाही,” बेंजामिन म्हणाला. “उद्या मी बसतो. स्वतःच्या आयला एक दिवस सांभाळायला असं काय लागतं?”

बायका पांगल्या. आय खुर्चीवर बसून आपले धुतलेले पाय बघत होती, ती मला म्हणाली, “चल ना बाय, घरी आय वाट बघत असेल.”

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले खरी, पण कुणाचं ताट कुणापुढे ठेवलं, देवाला माहीत. सुटले ती रिक्षा करून आले. गुड फ्रायडेला आमच्याकडे घंटा वाजत नाहीत आणि दुपारी सगळी आळी क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेला चर्चमध्ये जाते. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आमचं दार सताड उघडं. हाक मारली, ओ नाही. आत गेले तर खाट रिकामी, गादी उलटी पडलेली, बेंजामिनची एक चप्पल उंबऱ्यात आणि दुसरी पार बागेत.

मी पळाले. मोगऱ्याच्या रांगांतून पळताना मी देवाला काय काय बोलले ते तोंडावर आणता येत नाही. आजच्याच दिवशी तुला माझी आय हवी होती का, असं काहीतरी. शिव्याही दिल्या. एवढीशी बाग, पण ती संपता संपेना.

बावखलाच्या वरच्या पायरीवर दोघं बसली होती. दोघंही नखशिखांत भिजलेली. आयचे पांढरे केस तोंडाला चिकटलेले. बेंजामिनच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता, कोपर सोललेलं, आणि भर उन्हात तो थडथडत होता. लुगड्याची ती पट्टी एका टोकाने आयच्या कमरेला बांधली होती आणि दुसऱ्या टोकाने त्याच्या मनगटाला.

मी तिथेच मातीत बसले.

“फोन आला गं,” तो म्हणाला. “फक्त फोन घ्यायला आत गेलो. आश्रमातूनच होता, सोमवारी किती वाजता आणता विचारत होते. बाहेर आलो तर नाही. इथे आलो तर तिचं तोंड पाण्याखाली होतं, ताई. नुसते केस दिसत होते.” त्याने ओल्या बाहीने डोळे पुसले.

“बाहेर काढलीस ना? झालं, मग रडतोस कशाला?”

“घरात नेली, ही परत निघाली. परत आणली, परत निघाली. दार लावलं तर डोकं आपटायला लागली दारावर. तीन वेळा, चार वेळा, मी मोजायचं सोडलं. मग गादीखाली ही सापडली.” त्याने मनगट वर केलं. “मी बांधली, ताई. मी.” आणि मग तो असा रडला, असा रडला, की बाबांच्या मयतीलाही रडला नव्हता. आय आपली त्याची पाठ चोळत होती आणि म्हणत होती, उगी, उगी, कुणी मारलं तुला?

रडं ओसरल्यावर त्याने मला विचारलं, “रोज कसं जमतं गं तुला हे?”

“मला कुठे जमतं?” मी म्हटलं. “त्या बायकांना जमतं.”

आय उठायला लागली. “सोड रे आता. मोगरा राहिलाय माझा.” बेंजामिनने गाठीला हात घातला, पण पाण्याने ती अशी आवळली होती की सुटेना. मी नखं लावली, सुटेना. शेवटी मी आयच्या कुशीशी तोंड नेऊन दातांनी ती गाठ सोडवली. आय तोवर एखाद्या लहान पोरीसारखी हात वर धरून उभी राहिली. त्याने पाणी भरलं, आणि मी आयचा हात धरून तिला रांगेरांगेने फिरवलं. “अरे, मुळाशी घाल, पानांवर काय ओततोस?” ती त्याला ओरडत होती. तिच्या हिशेबी तो कुठला तरी नवा गडी होता.

मग घरात येऊन बेंजामिनने आश्रमाला फोन केला आणि सोमवारी येत नाही म्हणून सांगितलं. आनंद व्हायला हवा होता ना मला? मी जिंकले होते. पण मला नुसतं दिसत होतं, सोमवार, मंगळवार, बुधवार, एकामागून एक, आणि त्यांना अंत नाही.

उन्हं कलली तशा चर्चमधून बायका परतायला लागल्या. रेजिना मावशी आमच्या फाटकाशी थांबली. आत आली नाही. बेंजामिनच तिच्याकडे गेला, ओल्या कपड्यांनी, अनवाणी.

“मावशी,” तो म्हणाला, “उद्या येशील? मी आहे घरी, पण मला एकट्याला नाही जमणार.”

मावशीने त्याचं सोललेलं कोपर बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि काय झालं असेल ते सगळं ओळखलं. पट्टी ओटीच्या कडेला चिखलाने भरून पडली होती. मावशीने वाकून ती उचलली, पिळली, घडी केली आणि कमरेला खोचली.

“धुऊन आणते,” ती म्हणाली.

आम्ही दोघं तिथेच उभे होतो. दोघांपैकी कुणीही तिला नको म्हटलं नाही.